पेशंट सक्षम आहे

९ फेब्रुवारी, सांगली

ऑपरेशन झालं. उजव्या खुब्याचा मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम संपलं. मी म्हटलं, आता नर्सिंगचं सुरू. ते हसले. सर्जन लोकांना हे वाक्य विनोदी वाटतं.

सगळी हयात नर्सिंगच्या थिअरी शिकवण्यात गेली. साताऱ्याच्या कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. सांगलीला परीक्षक म्हणून आले होते, गेस्ट हाउसच्या बाथरूममध्ये पडले. पडले म्हणजे फरशी उतरती होती.

पण एका अर्थी बरंच झालं. थिअरी आतापर्यंत उभं राहून शिकवली, आता आडवं पडून तपासता येईल. २४ तारखेला साताऱ्यात परिषद आहे. माझा विषय ‘थिअरी : पुस्तकातून पेशंटपर्यंत’. आयोजकांना फोन करून सांगितलं, मी येणार. वॉकर न घेता स्टेजवर चढणार. भाषणाची सुरुवातच तिथून.

१० फेब्रुवारी

सून पूजा सोबत होती. तिला साताऱ्याला परत पाठवलं. ती म्हणत होती, आई, शाळेतून रजा काढलीय, राहते की. मी तिला सेल्फ-केअर थिअरी समजावून सांगितली. पेशंटला जे जमतं ते पेशंटने करायचं, जमत नाही तेवढंच नर्सने. त्याच्या तीन पायऱ्या. पहिलीत सगळं नर्स करते. दुसरीत अर्धं नर्स, अर्धं पेशंट. तिसरीत पेशंट सक्षम असतो, नर्स फक्त समजावते. मी तिसऱ्या पायरीवर. मला समजावण्याचीही गरज नाही, तेव्हा माझ्यासाठी चौथी काढावी लागेल.

पूजा म्हणाली, पण आई, तुम्हाला कूससुद्धा मीच बदलून देतेय.

तिला थिअरीचा पाया नाही. ती जाताना रडवेली झाली होती. नातेवाइकांचं असं होतं, त्यावर वेगळी थिअरी आहे.

फिजिओथेरपीवाला वॉकर घेऊन आला. त्याला परत पाठवलं. फरशी नुकतीच पुसली होती.

उद्या चालणार.

११ फेब्रुवारी

शेजारच्या कॉटवर बनाबाई. कवठे महांकाळकडच्या. लग्नाला जाताना मुलाच्या मोटारसायकलवरून मागच्या मागे पडल्या. माझ्यासारखाच खुबा, ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी. त्या सकाळपासून विव्हळतात. आई गं, मेले गं, आरं कुणी हाय का रं. नर्स आली की हिला पाय दाबायला लाव, तिला उशी सरकवायला लाव. त्या ठार पहिल्या पायरीवर आहेत. मला म्हणाल्या, “मॅडमबाई, तुमी का वरडत न्हाई? तुमास्नी दुखत न्हाई व्हय?”

मी म्हटलं, वेदना ही मनाने स्वीकारायची गोष्ट आहे. अॅडॅप्टेशन थिअरी. माणूस बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेतो.

त्या म्हणाल्या, “ते खरं, पर दुखतंया का न्हाई?”

मुद्दाच त्यांना कळला नव्हता.

फिजिओ आला. चप्पल घसरते म्हणून सांगितलं. पूजाला फोन करून रबरी तळाची चप्पल कुरिअरने मागवली. थिअरी सांगते, आधी परिसर सुरक्षित करा.

१२ फेब्रुवारी

वॉर्डची सिस्टर दीक्षा. तरुण, चुणचुणीत, चालते भराभर. तिला विचारलं, तू कोणत्या थिअरीप्रमाणे काम करतेस? म्हणाली, “मॅडम, आज माझ्याकडं अकरा पेशंट हायत.”

हे उत्तर नव्हे. तरी तिला वेळ देऊन सगळं समजावलं. ती सलाईन बदलत ऐकत होती. मग मी मागणी मांडली. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं आज बंद होऊन गोळ्या सुरू झाल्यात. त्या गोळ्या माझ्या ताब्यात द्या. मी माझ्या वेळेला घेईन, तुम्ही फक्त विचारा. सक्षम पेशंटला हातात गोळी देऊन तोंड उघडायला लावणं अपमानकारक आहे.

दीक्षा म्हणाली, “तसं चालत न्हाई मॅडम, मी समोर उभी राहून द्यायला पायजे.”

मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, प्राचार्य आहात, तुम्हाला काय सांगायचं. दीक्षाने गोळ्यांचं पाकीट दिलं. चेहरा उतरला होता तिचा. बदल स्वीकारायला प्रत्येकाला वेळ लागतो.

चालणं : आज डोळे मिटून मनातल्या मनात दारापर्यंत चालत गेले. पावलं स्पष्ट दिसत होती. याला शास्त्रीय आधार आहे. फिजिओला सांगितलं, सकाळीच चालून झालं.

१३ फेब्रुवारी

गोळीने पोटात आग. रात्रभर आंबट ढेकर. आजची गोळी घेतली नाही. स्वतःच्या शरीराचं ऐकणं हाही सेल्फ-केअरचाच भाग आहे. दीक्षाने विचारलं, “गोळी घेतलासा न्हवं?” मी म्हटलं, हो. सविस्तर सांगत बसले असते तर तिचा वेळ गेला असता. अकरा पेशंट आहेत बिचारीला.

बनाबाई वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊन आल्या. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या ओरडल्या. फिजिओ म्हणत होता, शाब्बास आजी. मला वाटतं अशा पेशंटचं फार कौतुक केलं की परावलंबन वाढतं.

त्यांच्या मुलाने, गुंडाने, द्राक्षं आणली. मलाही दिली. गोड होती.

१४ फेब्रुवारी

आज फार छान दिवस.

एका नर्सिंग कॉलेजच्या मुली वॉर्डात पोस्टिंगला आल्या होत्या. त्यांच्या शिक्षिकेने माझ्या कॉटपाशी गट उभा केला आणि विचारलं, या पेशंटला कोणती थिअरी लावाल? मुली वह्या उलटू लागल्या. मग मीच सांगितलं. उशीला टेकून जवळजवळ तासभर बोलले. उजेड, हवा, स्वच्छता यांची थिअरी. माणसाच्या चौदा गरजांची थिअरी. नर्स आणि पेशंट यांच्या नात्याची थिअरी. शेवटी म्हटलं, तुमच्यासमोर जो पेशंट आहे तो पूर्ण सक्षम आहे, याचं निदान करायला शिका. मुली भराभर लिहून घेत होत्या. शिक्षिकेने नमस्कार केला.

त्या गेल्यावर बनाबाई म्हणाल्या, “लय शिकल्याला हाय तुमी. पर बाई, आल्यापास्नं तुमी खाली पाय टेकल्याला मी बघितला न्हाई.”

त्या झोपेत असताना टेकला, असं सांगितलं.

गोळी : उद्यापासून. आधी पोट शांत होऊ दे.

ऑपरेशनच्या पायाची पोटरी थोडी दुखते. कॉटवर पायाचे व्यायाम केल्यामुळे असावं. करणार होते, तेव्हा मनाची तयारी झाली आणि स्नायू ताणले गेले.

१५ फेब्रुवारी

डॉक्टर राउंडला आले. एकदम म्हणाले, मॅडम, फिजिओ सांगतोय तुम्ही त्याच्यासमोर एकदाही उठला नाहीत. मी म्हटलं, त्याची पद्धत हुकूम सोडायची आहे, त्यात भागीदारी नाही. डॉक्टर म्हणाले, ते असू दे, उद्या माझ्यासमोर दारापर्यंत चाला, नाहीतर डिस्चार्ज नाही आणि साताराही नाही.

सगळ्यांसमोर. बनाबाईंचा गुंडासुद्धा होता.

पोटरी जड आहे. चादरीवरून हात फिरवला, गरम लागली. खोली पश्चिमेची आहे, दुपारी ऊन येतं.

संध्याकाळी दीक्षा ड्रेसिंगला आली. जखम बघून झाली तरी पायाकडे बघत राहिली. “मॅडम, ह्यो पाय त्या पायापेक्षा मोठा दिसतोय. पोटरी दुखत्या का?”

मला एकदम घाम आला. उत्तर हो दिलं तर तपासण्या, पुन्हा बेडरेस्ट, पुन्हा पहिली पायरी. २४ तारीख गेली. म्हटलं, नाही. ऑपरेशनची सूज आहे, अपेक्षित असते. तिने बोटाने दाबलं. मी चेहरा तसाच ठेवला. दात आवळलेले होते, ते तिला दिसले नसावेत.

ती म्हणाली, “गोळ्या रोज घेताय न्हवं?”

म्हटलं, मी तुला थिअरी शिकवलीय ना? पेशंटवर विश्वास ठेव.

“तरीबी उद्या डॉक्टरांना दाखवते,” म्हणाली आणि गेली.

जरा आगाऊ आहे. पण निरीक्षण चांगलं. भाषणात नाव न घेता उल्लेख करता येईल.

१६ फेब्रुवारी

रविवार. म्हणाले होते तरी डॉक्टर आले नाहीत. म्हणजे चालण्याची परीक्षा उद्यावर गेली. दीक्षाला ऐनवेळी सुट्टी लागली. दुसरी सिस्टर होती, ती पायाकडे न बघता गेली.

मुलाचा, ऋषिराजचा फोन. आसाममध्ये आहे, रजा मिळत नाही म्हणतो. आई, खरं सांग, कशी आहेस? म्हटलं, उत्तम, रोज चालते. तो म्हणाला, पूजा म्हणते तू तिला येऊ देत नाहीस. मी म्हटलं, मेजरसाहेब, तुमच्या आईला छावणी लागत नाही. तो हसला नाही.

फोन ठेवल्यावर गोळ्यांचं पाकीट काढलं. बरंच भरलेलं आहे. एकदम दोन घेणं चूक, हे मला माहीत आहे. मग एक घ्यावी की पोटाला आणखी एक दिवस द्यावा, यावर विचार करत होते. जेवण आलं. राहून गेलं.

चादरीखाली पाय बघितला नाही. उगाच मनाचे खेळ सुरू होतात.

उद्या डॉक्टर यायच्या आत एकटीने उठून बघणार. चालण्यासाठी पाय लागतात, त्याआधी निश्चय लागतो.

१७ फेब्रुवारी

सकाळी उठले. म्हणजे कॉटच्या कडेला बसले. पाय खाली सोडले. फरशी फार लांब वाटली. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

उभी राहिले. फिजिओ कॉटपाशी ठेवून गेलेल्या वॉकरला धरून. खरंच उभी राहिले. कोणी बघितलं नाही. बनाबाई बाथरूमला गेल्या होत्या.

लगेच बसले. थोडा श्वास लागला. पहिल्या प्रयत्नाला लागतो.

थोड्या वेळाने. श्वास अजून तसाच. खिडकी बंद आहे. हवेची थिअरी मी परवाच सांगितली होती, कोणी ऐकत नाही.

छातीत चमक. उजवीकडे. म्हणजे हृदय नव्हे. अॅसिडिटी.

बनाबाई आल्या. विचारतात, तोंड असं का झालंय. काही नाही म्हटलं. पुन्हा विचारतात. बोलायला त्रास होतोय, कारण त्या फार प्रश्न



२१ फेब्रुवारी

आज आयसीयूतून वॉर्डात आणलं. पेन धरता येतंय.

जे झालं ते तुकड्यातुकड्यांनी समजलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. त्या दिवशी ती सुटून फुप्फुसात गेली. बनाबाईंनी माझे ओठ निळे पडलेले बघितले आणि वॉकर टाकून, भिंत धरत, दरवाजात जाऊन हाका मारल्या. दीक्षा धावत आली. तोंडावर मास्क. कॉट ढकलत नेली. छतावरचे दिवे एकामागून एक जात होते. दीक्षा माझ्या कानाशी सारखी म्हणत होती, “मॅडम, श्वास घ्या. घ्या. बोलू नका.” मी बोलत होते म्हणे. काय, ते कोणी सांगत नाही.

पूजा आली आहे. माझ्या उशाशी बसते आणि कूस बदलून देते.

परिषदेच्या लोकांना तिने कळवलं. कुणाल सर म्हणून नवे प्राध्यापक आहेत, ते बोलणार. चांगले बोलतात म्हणे. असोत.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहून ठेवते. थोडं वाईट आहे.

सकाळी मेट्रन आणि डॉक्टर, दोघं आले. मागे दीक्षा. तिचे डोळे सुजलेले. डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना एवढी मोठी गुठळी कशी झाली, हा प्रश्न आहे. दीक्षाने सुट्टीचा रविवार सोडून रोज गोळी दिल्याची सही केलीय. पेशंटच्या समोर उभं राहून गोळी न देताच सही केली, असं दिसतंय. मेट्रन म्हणाल्या, चौकशी होणार, तोवर तिला घरी बसवावं लागेल.

मी आधी व्यवस्थेचा मुद्दा मांडला. एका नर्सकडे अकरा पेशंट असतील तर कोणतीही थिअरी राबवता येत नाही. मग पेशंटच्या स्वायत्ततेचा. मग असं सांगितलं की सेल्फ-केअर ही नर्स आणि पेशंट यांच्यातली प्रक्रिया असून तिच्यात

डॉक्टरांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, मॅडम, गोळ्या घेतल्या होत्या की नाही?

सगळे माझ्याकडे बघत होते. बनाबाईसुद्धा.

मी म्हटलं, पोटात जळजळ होत होती.

डॉक्टर म्हणाले, घेतल्या की नाही?

नाही म्हटलं. पहिली एक घेतली. नंतरच्या नाही. दीक्षाने रोज विचारलं आणि मी रोज हो म्हणाले. पोटरीचंही तिने विचारलं होतं, दुखत असून नाही म्हटलं. गोळ्या माझ्या हातात द्यायला ती तयार नव्हती. मी तुमच्याकडे हट्ट केला आणि तुम्ही हो म्हणालात, डॉक्टर.

शेवटचं वाक्य त्यांना आवडलं नाही. पण ते घडलेलं आहे.

मेट्रन म्हणाल्या, हे लिहून द्याल? दिलं. पूजाने कागद धरला, कारण हाताला सलाईन आहे. दीक्षाला घरी बसावं लागणार नाही. ताकीद मात्र मिळाली, न बघता सही केल्याची. ती बरोबर आहे असं मलाच म्हणावं लागलं. परीक्षक असते तर मीही मार्क कापले असते.

दुपारी ती इंजेक्शन द्यायला आली. माझ्याकडे न बघता दिलं. जाताना म्हणाली, “मॅडम, माज्या घरात मी एकटीच कमावती हाय.”

मी म्हटलं, हो.

नर्स आणि पेशंट यांच्या नात्याची थिअरी मी बरीच वर्षं शिकवली. त्यात चार टप्पे येतात. हा कुठला, ते आठवेना.

२३ फेब्रुवारी

बनाबाईंना डिस्चार्ज. गुंडाने गाडी आणली होती, मोटारसायकल नव्हे. त्या वॉकर घेऊन माझ्या कॉटपाशी आल्या. म्हणाल्या, “आता वरडत जावा जरा. न्हाईतर कुणाला कसं कळायचं?”

मी त्यांना सांगितलं की थिअरीतही पहिली पायरी हीच असते, पेशंटकडून माहिती घेणं, त्यामुळे त्या जे म्हणतायत ते शास्त्रीय आहे. त्या म्हणाल्या, “आसंल बया,” आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

त्या कॉटवर अजून नवीन पेशंट आलेला नाही. खोली फार शांत आहे. झोप लागली नाही.

२५ फेब्रुवारी

काल परिषद झाली. पूजाने विचारलं, फोनवर दिसतंय, बघायचं का? नको म्हटलं. नंतर तिच्याकडून फोन घेऊन थोडं बघितलं. कुणाल सर बरं बोलले. एका ठिकाणी मला दुरुस्ती सुचली होती. कळवणार होते. नाही कळवली.

आज डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली. फिजिओ रजेवर. दीक्षा वॉकर घेऊन आली. म्हणाली, “चालायचं का?”

मी म्हटलं, फरशी जरा ओली आहे.

तिने फरशीकडे बघितलं. मग माझ्याकडे. फरशी कोरडी होती.

मी म्हटलं, नव्या चपलांना सवय व्हायला हवी, आणि फुप्फुसावर एकदम ताण नको, आणि डॉक्टर समोर असते तर बरं झालं असतं.

ती कॉटच्या कडेला बसली. ड्यूटीवर सिस्टरने पेशंटच्या कॉटवर बसू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवत असे. मग तिने विचारलं, “मॅडम, भीती वाटत्या का?”

मी अॅडॅप्टेशन थिअरीत भीतीला काय म्हणतात ते सांगायला सुरुवात केली. अर्ध्यात थांबले. ती वाट बघत होती. घाईत नव्हती. अकरा पेशंट असून.

वाटते, म्हटलं.

“कशाची?”

पडायची. त्या बाथरूममध्ये पडले तेव्हा बराच वेळ कोणी आलं नाही. पाण्यात पडून होते. हाक मारता येत होती, पण प्राचार्य अशा अवस्थेत कोणाला दिसू नयेत म्हणून मारली नाही. दात वाजत होते.

दीक्षा म्हणाली, “मग तसं सांगायचं की.” तिने वॉकर बाजूला सरकवला. माझा एक हात तिच्या खांद्यावर घेतला, दुसरा पूजाने धरला. उठले. मी मोठ्याने ओरडले. दोघींपैकी कोणी शाब्बास म्हटलं नाही.

दारापर्यंत जायचं ठरलं होतं. तेवढं झालं नाही. खिडकी जवळ होती, तिथपर्यंत गेलो. खाली रस्त्यावर हळदीच्या पोत्यांचा ट्रक मागे घेत होते आणि एक माणूस हात हलवत, येऊ द्या, येऊ द्या म्हणत होता. ट्रक भिंतीला लागेपर्यंत आम्ही तिघी बघत उभ्या राहिलो.

दीक्षाने विचारलं, हात सोडू का?

नको म्हटलं.